लेबल गेलेल्या बाटल्या आणि एफटीआयआर : स्टोअरच्या कामाच्या नोंदी

९ ऑगस्ट २०२१

चिपळूणला २२ जुलैच्या पुरात आमच्या केमिस्ट्री स्टोअरचे खालचे शेल्फ सगळे पाण्याखाली गेले. चिखल काढून झालाय, फुटलेलं बाजूला केलंय. आता टेबलावर पन्नाससाठ बाटल्या उभ्या आहेत, झाकणं घट्ट राहिली, आतला माल बरा दिसतोय, पण लेबल एकतर निघून गेलंय नाहीतर शाई पसरून नुसता निळा डाग उरलाय. फेकून द्या म्हणणारे भरपूर भेटले. फेकायचं म्हणजे कुठे, वाशिष्ठी नदीत? केमिकल वेस्ट नेणाऱ्याला यादी लागते, काय आहे, किती आहे, ॲसिड की सॉल्व्हंट की जड धातूचं सॉल्ट, आणि "माहीत नाही" लिहिलेली बाटली तो घेतच नाही. म्हणून ओळख पटवायचीच आहे. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात एफटीआयआर आहे (पदार्थ इन्फ्रारेड म्हणजे आयआर किरण कुठे कुठे शोषतो त्याचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, काढणारं मशीन, त्यावरून पदार्थ ओळखतात), तिथले सर सॅम्पलमागे ३०० रुपयांत करून द्यायला तयार झालेत, केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड, त्यात सॅम्पल मिसळून पारदर्शक टिकली दाबतात, तीच पेलेट) मात्र आपलं आपण न्यायचं. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ला हेच झालं होतं आणि पुढेही कुठेतरी होणारच, त्यांच्या उपयोगाला म्हणून हे लिहून ठेवतोय.

पहिलं काम मशीनचं नाहीच. सगळ्या बाटल्या न उघडता नुसत्या बघितल्या. एका बाटलीत पिवळे स्फटिक आणि झाकणाच्या आट्यांत पिवळी खर जमलेली. ती जागेवरून हलवली नाही, तिला हात लावायचा नाही असा कागद लावला आणि खोलीच्या त्या कोपऱ्याला कुलूप. पिक्रिक ॲसिड असेल तर कोरडं झाल्यावर नुसत्या घर्षणाने किंवा धक्क्याने फुटू शकतं, आणि केबीआर पेलेटसाठी सॅम्पल खलात घोटावं लागतं हे लक्षात घ्या. अनोळखी स्फटिक घेऊन थेट घोटायला बसणं हा मूर्खपणा आहे. जुनी ईथरची वाटणारी गडद बाटलीही अशीच बाजूला, त्यात पेरॉक्साइड झालेलं असू शकतं. या दोन्ही ज्याला त्यातलं कळतं त्यानेच येऊन न्यायच्या.

१२ ऑगस्ट

आजचा शोध म्हणजे रजिस्टर. स्टोअरमधलं भिजून लगदा झालंय पण वरच्या मजल्यावर ऑफिसात ऑडिटसाठी दिलेली झेरॉक्स सापडली. दोन वर्षं जुनी आहे, चालेल. त्यावरून खालच्या शेल्फवर काय काय असणार याची यादी केली, नव्वदच्या आसपास नावं निघाली. आमचे लॅबमधले मामा वीसेक वर्षं तिथेच आहेत, त्यांनी डोळे मिटून सांगितलं की खिडकीकडून ऑरगॅनिक सॉलिड, मग इनऑरगॅनिक, दाराकडे लिक्विड. पुराने सगळं ढवळलं तरी बाटल्यांचे आकार आणि झाकणांचे रंग त्यांना पाठ, त्यामुळे कोणत्या कंपनीचा माल ते कळलं आणि यादी अजून आखडली.

हे मशीनपेक्षा महत्त्वाचं ठरणार असं दिसतंय. "हे काय आहे" या प्रश्नाला जगातले सगळे पदार्थ उत्तर असू शकतात, "या नव्वदपैकी कोणतं" याला नाही.

१४ ऑगस्ट

प्रत्येकी ३०० रुपये आणि एसटीचा हेलपाटा वाचवायचा तर स्वस्त टेस्ट आधी. पाण्यात विरघळतं का, पीएच कागद, प्लॅटिनम तारेवर फ्लेम, स्पॅच्युलावर थोडं तापवून जळतं का काळं पडतं का, सॉलिडचा मेल्टिंग पॉइंट. न जळणारे पांढरे इनऑरगॅनिक गट्ठ्याने बाजूला पडले.

मीठ, पोटॅशियम क्लोराइड वगैरे आयआरला नेऊच नका. साधे हॅलाइड तिथे दिसतच नाहीत, सपाट रेघ येते, आणि म्हणून तर पेलेट आणि सॅम्पल धरायच्या खिडक्या त्यांच्याच बनवतात. सल्फेट, कार्बोनेट, नायट्रेट दिसतात पण आत सोडियम आहे का पोटॅशियम ते फ्लेमनेच कळतं, पिवळी की जांभळट, फुकटात. अमोनियम क्लोराइडला थेंबभर कॉस्टिक सोडा टाकून अमोनियाचा वास घेतला, संपलं.

१७ ऑगस्ट

रत्नागिरी. पहिला दिवस जवळजवळ पूर्ण फुकट.

सुरुवात बरी झाली. सरांनी आधी पॉलिस्टायरीनची फिल्म लावून स्कॅन घेतला, १६०१ आणि १०२८चे पीक जागेवर आले म्हणजे मशीनचा आकडा खरा. (आकडे सगळे वेव्हनंबर आहेत, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये किरणाच्या किती लाटा बसतात ते, दरवेळी लिहीत नाही. पीक म्हणजे जिथे सॅम्पल किरण शोषतं ती जागा, आलेखात खाली जाणारा खड्डा दिसतो. आम्ही ४००० ते ४०० एवढं स्कॅन करतो.) मग आमचा पहिला सॅम्पल, ॲगेटच्या खलात केबीआर घोटलं, डायमध्ये (दाबायच्या साच्यात) भरलं, प्रेसवर आठ टन दिले, आणि पेलेट काचेसारखी निघण्याऐवजी साबुदाण्याच्या पापडासारखी निघाली. तरी स्कॅन केला. ३४००ला हा भलामोठा रुंद खड्डा आणि १६४०ला दुसरा. मी आणि सोबतचा मुलगा खूश, हायड्रॉक्सिल (ओएच) आहे म्हणे, शिवाय कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन डबल बाँड) किंवा कार्बन-कार्बन डबल बाँड. सरांनी काही न बोलता नुसत्या केबीआरची पेलेट बनवून लावली. तेच दोन्ही खड्डे. पाणी होतं ते.

ऑगस्टमधली रत्नागिरी, खिडकीबाहेर धो धो पाऊस, आणि केबीआरची बाटली आम्ही बाहेर टेबलावर झाकण काढून ठेवलेली. केबीआर हवेतलं पाणी ओढून घेतं हे पुस्तकात वाचलेलं असतं सगळ्यांनी. दिवसभर वाळवायचा प्रयत्न आयआर लॅम्पखाली केला, वरवर सुकतं आणि खलात घोटताना परत ओलं. शेवटी सगळं केबीआर त्यांच्या ओव्हनमध्ये ११०ला रात्रभर ठेवून लॉजवर मुक्काम.

१८ ऑगस्ट

आज जमलं. काय बदललं ते सांगतो कारण हे कुठे नीट लिहिलेलं नसतं.

केबीआर ओव्हनमधून थेट डेसिकेटरमध्ये, आणि तिथून लागेल तेवढंच बाहेर. खल, बत्ता, डाय, स्पॅच्युला सगळं कोमट करून घेतलं, थंड धातूवर ओल धरते. मशीनची खोली एसी आहे आणि डीह्युमिडिफायर चालू असतो तिथेच घोटायला बसलो, बाहेरच्या टेबलावर नाही. डायला व्हॅक्युम पंप जोडून दोन मिनिटं हवा ओढली आणि मग दाब दिला. या व्हॅक्युमने सगळ्यात जास्त फरक पडला, पेलेट आरपार दिसायला लागली.

दुसरं प्रमाण. साधारण २०० मिलिग्रॅम केबीआरला एक ते दोन मिलिग्रॅम सॅम्पल. एक मिलिग्रॅम म्हणजे स्पॅच्युलाच्या टोकावर दिसलं न दिसलं इतकं, आपला हात आपोआप जास्तच घेतो. जास्त झालं की मोठे पीक तळाला टेकून चपटे होतात, मग नेमका तळ कुठे ते कळत नाही आणि शेजारशेजारचे दोन पीक एकच वाटतात. आमच्या सरांचा हिशोब असा की सगळ्यात मोठा पीक दहा टक्के ट्रान्समिटन्सच्या (आरपार गेलेल्या किरणांच्या) आसपास थांबला पाहिजे.

तिसरं घोटणं. सॅम्पल आधी एकटं घोटा, गुळगुळीत होऊन खलाला चिकटायला लागेपर्यंत, मग केबीआर टाकून नुसतं मिसळा. उलटं केलं तर केबीआर उगाच बारीक होऊन जास्त पाणी खातं आणि सॅम्पल जाडच राहतं. जाड राहिलं की ४०००च्या बाजूला बेसलाइन (पीक नसलेली मूळ रेघ) उताराला लागते आणि पीक वाकडेतिकडे येतात.

२३५०चा जोड पीक बघून घाबरू नका, तो आपल्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड. बॅकग्राउंड (सॅम्पलशिवायचा कोरा स्कॅन) नव्याने घेतला की जातो, न जाता उलटा वर आला तर बॅकग्राउंड घेताना कोणीतरी मशीनवर वाकून बोलत होतं.

रोज सकाळी कोऱ्या केबीआरची पेलेट आधी. त्यात ३४००ला जेवढं दिसेल तेवढं दिवसभर प्रत्येक सॅम्पलमधून मनातल्या मनात वजा करायचं. एवढं करूनही ओएच आहे असं मी फक्त त्या पीकवरून कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नाही.

२४ ऑगस्ट

ॲसिडवाले पांढरे पावडर. यादीत बेन्झॉइक, सॅलिसिलिक, ॲस्पिरिन, सिनॅमिक, थॅलिक आणि अजून काही.

इथे आयआर खरंच मजा आणतं. बेन्झॉइकचा कार्बोनिल १६८८च्या आसपास, ३३००पासून २५००पर्यंत पसरलेली ॲसिडची रुंद झूल, आणि ७१०जवळ टोकदार पीक. सॅलिसिलिकमध्ये शेजारचा ओएच कार्बोनिलला धरून ठेवतो म्हणून तो खाली १६६०ला येतो. ॲस्पिरिनला दोन कार्बोनिल, १७५०च्या वर एस्टरचा आणि १६९०ला ॲसिडचा. तिघं समोरासमोर ठेवले तर लांबूनही ओळखू येतात.

तरी अर्धा दिवस गेला तो कशात सांगतो. घरी बसून जुळवायला एनआयएसटी या अमेरिकी संस्थेच्या वेबबुक साइटवरून बेन्झॉइक ॲसिडचा स्पेक्ट्रम काढला आणि आमच्याशी काही केल्या जुळेना, त्यांचा कार्बोनिल कितीतरी वर, ॲसिडची झूलच नाही, उलट ३५००च्या पुढे बारीकसा टोकदार ओएच. मेल्टिंग पॉइंट म्हणतोय बेन्झॉइक (१२२) आणि स्पेक्ट्रम म्हणतोय नाही. मग त्या पानावर खाली बारीक अक्षरात बघितलं, तो वाफेचा स्पेक्ट्रम होता. वाफेत रेणू सुटे असतात, सॉलिडमध्ये दोन दोन हात धरून बसतात, म्हणजे तुलना चुकीच्याशी चाललेली. तिथले बरेच स्पेक्ट्रम वाफेचे आहेत, कशात घेतलाय ते बघितल्याशिवाय डाउनलोड करू नका. जपानच्या एआयएसटी या संस्थेची एसडीबीएस म्हणून स्पेक्ट्रमची फुकट लायब्ररी आहे, त्यात केबीआर की नुजॉल तेल की लिक्विड फिल्म ते स्पष्ट लिहिलेलं असतं, आम्ही पुढचं सगळं त्याच्यावर केलं.

ॲस्पिरिनच्या बाटलीत गंमत. १७५०, १६९० दोन्ही आहेत पण १६६०ला एक खांदा निघालेला. बाटली उघडताच व्हिनेगरचा वास. फेरिक क्लोराइड टाकलं, जांभळं झालं. पाणी आत शिरलेलं आणि ॲस्पिरिन तुटून सॅलिसिलिक आणि ॲसिटिक ॲसिड होतंय. लायब्ररी सर्चने (सॉफ्टवेअर आपला स्पेक्ट्रम साठवलेल्या स्पेक्ट्रमशी ताडून बघतं ते) मात्र बिनधास्त "ॲस्पिरिन" म्हणून वरचा नंबर दिला होता. बाटलीवर "ॲस्पिरिन, खराब" असं लिहिलं.

३ सप्टेंबर

लिक्विड. हे सोपं पडेल वाटलं होतं, पेलेट नाही काही नाही, सोडियम क्लोराइडच्या दोन प्लेटांमध्ये एक थेंब दाबायचा आणि स्कॅन. पण प्लेटा मिठाच्या आणि आमच्या बाटल्या पुरातल्या. पहिल्याच बाटलीतल्या थेंबाने प्लेट धुरकट झाली. सरांचा चेहरा उतरला, साहजिक आहे, जोडी काही हजारांची. भरून द्यायचं आम्ही कबूल केलं, तो खर्च शेवटी धरलाय. पॉलिश करून थोडी सुधारली.

यापुढे नियम केला, प्रत्येक लिक्विड आधी छोट्या टेस्ट ट्यूबमध्ये निर्जल मॅग्नेशियम सल्फेटवर तासभर, गाळून मग प्लेटवर. आणि पाण्यात पूर्ण मिसळणारं काही असेल (अल्कोहोल, ॲसिटोन वगैरे) तर मिठाच्या प्लेटांवर नाहीच, त्यांचे उत्कलनबिंदू घेतले.

झायलीनच्या बाटल्यांनी मात्र दिल खूश केला. ऑर्थो, मेटा, पॅरा तिघांचा वास एक, रंग नाही, उत्कलनबिंदू एकमेकांना चिकटलेले, १३८ ते १४४मध्ये सगळे. आयआरमध्ये ९००च्या खाली बघा, ऑर्थोला ७४२च्या आसपास एक मोठा पीक, मेटाला ७६९ आणि ६९० अशी जोडी, पॅराला ७९५. एका बाटलीत तिन्ही ठिकाणी पीक आले, ते साधं कमर्शियल मिश्रण.

बेन्झाल्डिहाइडची बाटली वासानेच कळली होती, नक्की करायला लावली. १७००च्या जरा वर कार्बोनिल आणि २८२०, २७४०ला अल्डिहाइडची ती जोडी. बाटलीच्या गळ्याशी पांढरे स्फटिक जमलेले, त्यांची वेगळी पेलेट केली तर आमचं परवाचंच बेन्झॉइक ॲसिड. हवेने होतं ते, पुराचा संबंध नाही.

८ सप्टेंबर

परवा गणपती. मामा गावाला गेले, सर गेले, काम बंद. केबीआर डेसिकेटरमध्ये ठेवून सिलिका जेल बदलून घेतलं, ओल धरून गुलाबी पडलेलं.

२० सप्टेंबर

परत सुरू. आज ज्या जागी आयआर थांबतं त्या जागी पोचलो.

दोन बाटल्या, मेणासारखे पांढरे तुकडे. यादीप्रमाणे एक पामिटिक ॲसिड आणि एक स्टिअरिक. २९२०, २८५०, १७००, ७२० दोघांनाही. लायब्ररी सर्चने पहिल्या बाटलीला स्टिअरिक ०.९७ आणि पामिटिक ०.९६ दिलं, दुसरीलाही जवळपास तसंच. सोबतचा मुलगा म्हणाला सर ०.९७ जास्त आहे ना, मग स्टिअरिक. असं नसतं रे बाबा. तो आकडा दोन रेघा किती सारख्या दिसतात एवढंच सांगतो, पेलेट जरा ओली असली तरी तो याच्यापेक्षा जास्त हलतो. साखळीत दोन कार्बन जास्त की कमी, याचा नुसत्या डोळ्याला फरक पडत नाही, १३५०-११८० मधले बारीक पीक मोजून सांगता येतं म्हणतात पण आमच्या पेलेट तेवढ्या चांगल्या नव्हत्या. मेल्टिंग पॉइंटची कॅपिलरी (बारीक काचनळी) घेतली, एक ६२-६३ला वितळलं आणि एक ६९ला. पाच रुपयांची कॅपिलरी.

टार्टारिक ॲसिडचंही तसंच, डी आणि एल (एकमेकांची आरशातली प्रतिमा) दोघांचा स्पेक्ट्रम तंतोतंत एक येणार, पोलरीमीटर लागतो. आमच्याकडे एकच होतं त्यामुळे वाचलो.

ग्लुकोज आणि साखर वेगळे दिसतात, पण दोघांत ३४००ची झूल आणि ११५०-१००० मध्ये नुसता गोंधळ, तिथे प्रत्येक पीकला नाव द्यायला बसू नका. पूर्ण चित्र समोरासमोर ठेवून सारखं आहे का नाही एवढंच बघा. फेहलिंगने (ग्लुकोजला लाल गाळ देणारी टेस्ट, साखरेला देत नाही) दोन मिनिटांत झालं असतं खरंतर, पेलेट उगाच केली.

२७ सप्टेंबर

लोट्याला एमआयडीसीत एका कंपनीच्या क्यूसीत (माल तपासणी विभागात) आमचा जुना विद्यार्थी आहे, त्याने परवानगी काढून उरलेल्या बाटल्या त्यांच्या एटीआरवर (पेलेटशिवाय थेट सॅम्पलवर चालणाऱ्या आयआरवर) बघू दिल्या. हिऱ्याचा बारीक स्फटिक, त्यावर चिमूटभर पावडर, वरून स्क्रू घट्ट, आणि मिनिटभरात स्पेक्ट्रम. केबीआर नाही, डाय नाही, पाण्याचीही भीती नाही. महिनाभर घोटून घोटून मनगट गेलं होतं, आणि इथे हा पुसून पुढचा, पुसून पुढचा. आधी इकडेच यायला हवं होतं, पण परवानगीच आत्ता मिळाली.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एटीआरमध्ये किरण सॅम्पलमध्ये मायक्रॉनभर, दीड-दोन मायक्रॉन शिरतो आणि कमी वेव्हनंबरला जास्त खोल, त्यामुळे ३०००च्या बाजूचे पीक बारके आणि १०००च्या बाजूचे मोठे दिसतात, मोठे पीक जरा खालीही सरकतात. केबीआरच्या लायब्ररीशी लावताना सॉफ्टवेअरमध्ये एटीआर करेक्शन लावा. आणि २३०० ते १९०० मध्ये हिरा स्वतःच शोषतो, तिथे जरा खरखर येते, नायट्राइल (सीएन गट, त्याचा पीक याच भागात येतो) असण्याची शंका असेल तर नीट बघा.

त्याला विचारलं की तुम्ही इथे कसं ओळखता. तो म्हणाला सर आम्ही ओळखत नाहीच, ड्रमवर नाव असतं, फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकांच्या पुस्तकात) दिलेल्या रेफरन्स स्टँडर्डचा स्पेक्ट्रम त्याच मशीनवर त्याच दिवशी घ्यायचा, आलेल्या मालाचा घ्यायचा, आणि हे तेच आहे का एवढंच बघायचं, तेही एकट्या आयआरवर पास करत नाही. मग आम्हीही शेवटच्या बाटल्यांना तसंच केलं, वरच्या शेल्फवरच्या लेबल शाबूत असलेल्या बाटल्यांतून ॲसिटॅनिलाइड, युरिया, बेन्झोफिनोन घेऊन गेलो होतो, ते शेजारी लावले. ॲसिटॅनिलाइडचे ३२९० आणि १६६५ पुस्तकात वाचून जुळवताना मन खात असतं, शेजारी खरा ॲसिटॅनिलाइड ठेवून दोन्ही रेघा एकावर एक बसल्या की वादच मिटतो.

५ ऑक्टोबर

हिशोब. रत्नागिरीचे सॅम्पल चार्ज, एसटी, एक मुक्काम, आयआर ग्रेड केबीआर (साध्यापेक्षा कैकपट महाग, आणि साधं आणून वाळवायच्या फंदात पडू नका, नायट्रेटचा १३८४चा पीक हमखास मिळतो), प्लेटांचे पैसे, सगळं मिळून आम्ही जेवढ्याची केमिकल वाचवली तेवढाच खर्च झाला असेल. पैसे वाचवायला हे करू नका. यादी तयार झाली, वेस्टवाला घेऊन जाणार, एवढा फायदा.

बाटल्यांची विभागणी तीन खोक्यांत. एक, स्पेक्ट्रम प्लस दुसरी किमान एक टेस्ट जुळली, यांना पूर्ण नाव आणि तारीख, पण ॲनालिटिकल कामाला वापरायच्या नाहीत, एफवायच्या प्रॅक्टिकलला ठीक. दोन, वर्ग कळला पण नाव नाही, म्हणजे "लांब साखळीचा एस्टर" किंवा "ॲरोमॅटिक अमाइन, काळं पडलेलं", यांना तेवढंच लेबल आणि वेस्टमध्ये. तीन, ज्यांचा स्पेक्ट्रम मिश्रणासारखा दिसतो, पाणी शिरून काय काय झालंय कळत नाही, या सरळ वेस्ट, यांच्यामागे अजून ३०० रुपये घालवायचे नाहीत असं मी आणि मॅडमनी ठरवलं. मुलाला वाईट वाटलं, त्याला एक बाटली सोडवायचीच होती.

नवीन लेबल पेन्सिलने लिहून वर रुंद पारदर्शक टेप, शिवाय बाटलीच्या काचेवर डायमंड पेनने नंबर कोरलाय, तोच नंबर रजिस्टरला आणि रजिस्टरचा फोटो ड्राइव्हवर. स्टोअर वरच्या मजल्यावर न्यायचं पत्र दिलंय, उत्तर नाही अजून. पिवळी बाटली अजून कोपऱ्यातच आहे, नेणारे पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत, तोवर त्या खोलीत कोणी जायचं नाही.